गोठ्यातली वंशावळ



आपल्या श्रीगोंदे तालुक्यातल्या काष्टीचा जनावरांचा बाजार कोणाला ठाऊक नाही? तिथे गाय घ्यायला आलेला माणूस किती बारकाईने पाहणी करतो! तोंड उघडून दात पाहतो, कासेवरून हात फिरवतो, चारी सडांची धार काढून बघतो, गाय चार पावले चालवून घेतो. मग दलाल पुढे होतो, रुमालाखाली हातात हात जातो आणि बोटांवर सौदा ठरतो. एवढ्या चौकशीत एक प्रश्न मात्र क्वचितच ऐकू येतो. तो प्रश्न म्हणजे, "ही गाय कोणत्या वळूची?"

आपल्या घरची सोयरीक जुळवताना आपण काय काय पाहतो? देवक विचारतो, आजोळ काढतो, चार गावी चौकशी करतो. पण जिच्या दुधावर घरातला किराणा येतो, मुलांची फी भरली जाते, तिच्या बापाचे नाव आपल्याला ठाऊक नसते. आणि ते नसल्याची रुखरुखही वाटत नाही. आजचे माझे भाषण त्या न विचारलेल्या प्रश्नासंबंधी आहे.

मी पशुवैद्य नाही. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणारा माणूस आहे. तेव्हा औषधपाणी मी सांगणार नाही. पण जनावरांचा वंश हे खेड्यातले फार जुने भांडवल आहे, आणि भांडवल कशाने वाढते व कशाने बुडते, हा प्रश्न माझ्या विषयातलाच आहे. आनुवंशशास्त्र म्हणजे या भांडवलाचा हिशेब, एवढ्याच अर्थाने आज त्याच्याकडे पाहू.

आनुवंशिकतेची जाण आपल्याकडे पुस्तकांतून आली असे मुळीच नाही. 'खाण तशी माती' ही म्हण काही प्रयोगशाळेत तयार झालेली नाही. पूर्वी गावोगाव देवाच्या नावाने पोळ सोडलेला असे. तो कोणाच्या पिकात शिरला तरी त्याला कोणी फारसे मारीत नसे. श्रद्धेचा भाग त्यात होताच. पण व्यवहारही होता. गावातला उत्तम गोऱ्हा निवडायचा, त्याचे खच्चीकरण करायचे नाही, आणि पुढची पिढी त्याच्यापासून घ्यायची. अशा निवडीतून शेकडो वर्षांत जाती घडल्या. माणदेशाच्या कोरड्या रानात उन्हातान्हात पळणारा खिलार घडला. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोल्यात आणि शेजारच्या इगतपुरीत, जिथे पाऊस कोसळतो, तिथे डांगी घडली. तिच्या कातडीला तेलकटपणा असतो, त्यामुळे अंगावर पाणी ठरत नाही. संगमनेरी शेळी घडली, तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस घडली, आणि भीमेच्या काठचा भीमथडी घोडा घडला. धनगर बांधवांची बिऱ्हाडे वाहणाऱ्या या घोड्याला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यताही मिळाली आहे.

हे सारे ज्ञान डोळ्यांचे होते. त्यात उणीव एकच होती. जो गुण डोळ्यांना दिसतो तोच निवडता येई. आत दडलेला गुण दिसत नसे. तो पाहण्याची पहिली किल्ली ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने दिली. त्याने वाटाण्यावर केलेल्या प्रयोगांचा निबंध १८६६ साली प्रसिद्ध झाला. त्याचे सार असे की गुण दुधात पाणी मिसळावे तसे मिसळून जात नाहीत. ते दाण्यांसारखे सुटे राहतात. प्रत्येक गुणाचा एक दाणा आईकडून येतो, एक बापाकडून. या दाण्याला आपण जनुक म्हणतो. एखादा दाणा एका पिढीत दिसला नाही, तरी तो हरवला असे नाही. तो पुढच्या पिढीत पुन्हा वर येऊ शकतो.

आता हे शास्त्र प्रत्यक्षात कसे उपयोगी पडते, याचे एक उदाहरण आपल्या जवळचेच आहे. ते फलटणचे आहे.

आपल्याकडची दख्खनी मेंढी काटक असते, पण एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. मेंढपाळाचे उत्पन्न कोकरांवर. तेव्हा मेंढीला जुळी झाली तर त्याचा लाभ उघड आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने या प्रश्नाचा पाठपुरावा केला. तिचे संस्थापक बनबिहारी निंबकर आणि त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांची नजर पार बंगालच्या सुंदरबनात गेली. तिथे गॅरोल नावाची मेंढी आहे. अंगाने इतकी लहान की आपला धनगर तिच्याकडे पाहून हसेल! पण ती एका वेताला दोन दोन, कधी तीन कोकरे देते.

या गॅरोलची एक मोठी कथा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या. पुढे दीडशे वर्षांनी तिथल्या बुरूला नावाच्या एका मळ्यातल्या मेरिनो मेंढ्या जुळी-तिळी देतात असे लक्षात आले. २००१ साली शास्त्रज्ञांनी त्याला कारण असलेला जनुकातला बदल शोधून काढला. आणि तोच बदल गॅरोलमध्येही सापडला. म्हणजे एवढ्याशा, कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या मेंढीच्या रक्तात हे धन पडून होते. ती जात त्याआधीच नष्ट झाली असती, तर कोणाला काही कळलेही नसते.

फलटणला गॅरोलचा हा गुण दख्खनी मेंढीत आणला गेला. पण नुसता संकर करून भागले नसते. कारण मग मेंढीही गॅरोलसारखी लहान झाली असती. म्हणून संकरित पिढी पुन्हा पुन्हा मोठ्या अंगाच्या मेंढ्यांशी जुळवली, आणि दर पिढीत ज्या कोकरात तो जनुक आहे तेवढेच पुढे ठेवले. आता कोकराच्या तोंडावर तर काही लिहिलेले नसते! नर कोकरात तो जनुक आहे की नाही हे कळायला एरवी त्याच्या मुली मोठ्या होऊन वितीपर्यंत थांबावे लागले असते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साहाय्याने रक्ताच्या थेंबावरून डी.एन.ए.ची तपासणी करता येऊ लागली आणि हा काळ वाचला. या मेंढीला 'नारी सुवर्णा' असे नाव दिले आहे.

शिक्षक मित्रहो, मेंडेल शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. हा जनुक दोन्ही बाजूंनी आलेला मेंढा साध्या मेंढीला दिला, तर प्रत्येक कोकरात त्याची एक प्रत येते. एक प्रत असलेला मेंढा दिला, तर सरासरीने निम्म्या कोकरांत येते. आणि दोघांतही एकेक प्रत असेल, तर चार कोकरांपैकी सरासरीने एकात दोन प्रती, दोघांत एकेक, आणि एकात काहीच नाही. गंमत अशी की दोन प्रतींची मेंढी मेंढपाळाला सोयीची नसते. तिला कोकरे जास्त होतात आणि दूध पुरत नाही. एक प्रत असलेली मेंढीच बरी. तीही दहा वेतांना सुमारे चौदा-पंधरा कोकरे देते, पण गाभणपणी तिला चार घास जास्तीचे घालावे लागतात. एरवी एक कोकरू आईच्या दुधावर वाढते आणि दुसरे हाल काढते. हे मी मुद्दाम सांगतो आहे. जनुक फक्त संधी देतो. पुढचे काम चाऱ्याचे आणि माणसाच्या हाताचे असते.

मेंढीचे हे गणित सोपे, कारण तिथे एकाच जनुकाचा प्रभाव मोठा आहे. दुधाचे तसे नाही. गाय किती दूध देईल हे शेकडो-हजारो जनुकांच्या लहान लहान वाट्यांनी ठरते, आणि त्यात चारा, पाणी, ऊन, आजार यांची भर पडते. म्हणून एका थेंबावरून दुधाचा निकाल लागत नाही. तिथे दुसरी वाट धरावी लागली.

त्या वाटेवरचे मोठे नाव म्हणजे मणिभाई देसाई. १९४६ साली गांधीजी उरुळी कांचनला आले, तेव्हा निसर्गोपचाराच्या कामासाठी त्यांनी मणिभाईंना तिथे ठेवले. मणिभाईंनी गीर गाईंची जोपासना केली आणि १९६७ साली 'बाएफ' ही संस्था काढली. गोठवलेले रेत शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेऊन देशी गाईंचा होल्स्टिन आणि जर्सी वळूंशी संकर करण्याचे काम या संस्थेने खेड्यापाड्यांत पोचवले. आपल्याच जिल्ह्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले त्रिवेणी' ही गाय तयार केली. तिच्यात निम्मे रक्त होल्स्टिनचे, पाव जर्सीचे आणि पाव गीरचे. नाव त्रिवेणी ते याचमुळे. वेताला सुमारे तीन हजार लिटर दूध देणारी ही गाय म्हणजे कागदावर हिशेब ठेवून केलेल्या संकराचे फळ आहे.

या कामाने काय झाले ते आपण डोळ्यांनी पाहतो. सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रापुढे ज्या किटल्या उभ्या राहतात, त्यांतले दूध बहुतांशी संकरित गाईंचे आहे. दुष्काळी वर्षी पीक हातचे गेले तरी दुधाने कित्येक घरे तगवली. संकरित गाईला नावे ठेवणे आज काही जणांना सोपे वाटते. पण जिने घर चालवले तिला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल.

अडचण गाईची नाही, हिशेबाची आहे. कशी, ते पाहा. गीर गाय होल्स्टिनने भरवली. कालवड झाली ती निम्मी. पहिल्या पिढीला संकराचे बळ असते, ती उत्तम निघते. मालक म्हणतो, निम्म्याने एवढे दूध, तर आणखी घालू! तिला पुन्हा होल्स्टिन दिला. पुढची पाऊण झाली. पुन्हा दिला, साडेसत्त्याऐंशी टक्के. आणखी एकदा, पावणेचौऱ्याण्णव टक्के. चार पिढ्यांत गोठ्यात जवळजवळ शुद्ध विलायती गाय उभी राहिली. ती गाय आहे थंड हवेची, आणि उभी आहे एप्रिल-मे महिन्यांत श्रीगोंद्यात पत्र्याखाली! मग ती धापा टाकते, खाणे सोडते, पुन्हा पुन्हा उलटते, आणि मालक म्हणतो, "औषधालाच दूध जातंय." आपल्या हवेत साधारणपणे ५० ते ६२.५ टक्के विदेशी रक्त मानवते असे जाणकार सांगत आले आहेत. पण गाईत आज किती आहे हेच ठाऊक नसेल, तर पुढची मात्रा कोणती द्यायची हे ठरणार कसे? वैद्याने आधीचा डोस न विचारता औषध द्यावे, तसा हा प्रकार होतो.

दुसरी अडचण यापेक्षा खोल आहे. रेत उणे १९६ अंश तपमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे राहते. एका वळूपासून वर्षाला हजारो मात्रा मिळतात. म्हणजे एक वळू अनेक तालुक्यांतल्या कालवडींचा बाप होऊ शकतो. ही मोठी सोय आहे. पण ज्याची चांगली बाजू सर्वांपर्यंत जाते, त्याचा दोषही सर्वांपर्यंत जातो.

अमेरिकेत १९६२ साली 'चीफ' या नावाने ओळखला जाणारा एक होल्स्टिन वळू जन्मला. त्याच्या मुली दुधाला अशा निघाल्या की त्याच्या रेताला मागणीच मागणी. त्याला १६,००० मुली झाल्या, पाच लाख नाती झाल्या, आणि पणत्या वीस लाखांहून अधिक. त्याच्या रक्ताचा वाटा अमेरिकेतल्या साऱ्या होल्स्टिन वंशात सुमारे १४ टक्क्यांवर गेला. पण त्याच्या एका जनुकात एक दोष दडलेला होता. एक प्रत असली तर काही होत नसे; दोन्हीकडून आली की गर्भ पोटातच मरे. चीफची नात चीफच्याच नातवाच्या रेताने भरली, की हा धोका उभा. गाय उलटली, गाभडली, एवढेच शेतकऱ्याला दिसे. दोष नेमका सापडायला २०१६ साल उजाडले. तोवर जगभरात पाच लाखांहून अधिक गर्भ यामुळे गेले असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. नुकसान सुमारे ४२ कोटी डॉलरांचे. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्याच्या वंशाने वाढवलेल्या दुधाची किंमत ३,००० कोटी डॉलरांच्या घरात धरली जाते. वळू वाईट नव्हता. एकाच वळूवर सर्वांनी भार टाकला, हे वाईट झाले.

आणि हे तिकडे अमेरिकेतच होते असे समजू नका. आपल्या गावात एकाच वळूच्या कांड्या चार-पाच वर्षे येत राहिल्या, तर काय होईल? पहिल्या वर्षी गाय भरवली. कालवड झाली. दोन वर्षांत ती माजावर आली. पुन्हा त्याच वळूची कांडी! म्हणजे बाप आणि लेक. अशा जोडीच्या वासरात एकाच पूर्वजाचा जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता २५ टक्के असते. सावत्र बहीण-भावांच्या जोडीत साडेबारा टक्के. वासरे अशक्त निघतात, मरतुक वाढते, गाय गाभ राहत नाही, आणि आपण म्हणतो, "यंदा काही लागत नाही बघा." कळपातला मेंढा किंवा बोकड चार वर्षे तोच ठेवला, तर हेच घडते. देवक जुळले तर आपण सोयरीक मोडतो. गोठ्यात मात्र तोच प्रकार डोळ्यांदेखत चालू देतो.

गणिताच्या शिक्षकांसाठी एक उदाहरण सांगतो. एका भागात ४०० गाई आहेत आणि सर्वांना मिळून ४ वळू. एकूण जनावरे ४०४. पण वंशाच्या विविधतेच्या दृष्टीने हा कळप किती मोठा? सूत्र असे: नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले चार, आणि त्याला दोहोंच्या बेरजेने भागायचे. ४ गुणिले ४ गुणिले ४००, म्हणजे ६,४००, भागिले ४०४. उत्तर येते सुमारे १६. दिसायला चारशे जनावरे, पण वंशाच्या हिशेबात सोळांचा कळप! आता वळू ४ ऐवजी २० करा. उत्तर ७६ च्या वर जाते. गाई त्याच, चारा तोच. केवळ बाप वाढवले. हे फळ्यावर मांडून दाखवा. मुले विसरणार नाहीत.

आता पुढच्या काळाकडे पाहू. नवी साधने वेगाने येत आहेत. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या वाशीम येथे गाईंसाठी 'गौ चिप' आणि म्हशींसाठी 'महिष चिप' यांचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. या चिपवर जनावराच्या डी.एन.ए.तील हजारो खुणा एका वेळी वाचता येतात. पूर्वी वळूची परीक्षा करायची तर त्याच्या मुली दुधात येईपर्यंत पाच-सहा वर्षे थांबावे लागे. आता वासरू असतानाच अंदाज बांधता येतो. दुसरे साधन म्हणजे लिंगानुसार वेगळे केलेले रेत. मादी देणाऱ्या शुक्राणूत डी.एन.ए. सुमारे ४ टक्के जास्त असते, त्या फरकावरून ते वेगळे काढतात. आणि दहापैकी सुमारे नऊ वासरे कालवडी होतात.

ही साधने चांगली आहेत, ती यायलाच हवीत. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. चिप म्हणजे एक अक्षरांचा तक्ता. त्या अक्षरांचा अर्थ चिपला आपोआप कळत नाही. अमुक खूण असलेल्या गाईने अमुक दूध दिले, अमुक वेळा ती उलटली, उन्हाळ्यात टिकली की नाही, हे हजारो गोठ्यांतून लिहून आल्यावरच त्या खुणेला अर्थ येतो. परदेशातल्या नोंदींवरून काढलेला अर्थ श्रीगोंद्याच्या उन्हाळ्याला लागू पडेलच असे नाही. म्हणजे सर्वांत आधुनिक यंत्रही अखेर शेतकऱ्याच्या वहीवर अवलंबून आहे! आणि दुसरे असे की निवड जेवढी झटपट, तेवढे सगळे जण त्याच थोड्या वळूंकडे धावतात. वेग वाढला की विविधता जपण्याची जबाबदारीही वाढते.

विविधता आणि संख्या दोन्ही हातच्या गेल्या की काय होते, हे पाहायला लांब जायला नको. त्याची साक्ष आपल्याच माळरानावर आहे. माळढोक पक्षी जुन्या माणसांना आठवत असेल. उंच मानेचा, नर दहा-पंधरा किलो भरणारा. १९७९ साली या पक्ष्यासाठी सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या बाजूला आणि आपल्या जिल्ह्यात कर्जत, श्रीगोंदे, नेवासे या तालुक्यांत मिळून अभयारण्य जाहीर झाले. मूळ विस्तार साडेआठ हजार चौरस किलोमीटरांजवळ होता. पुढे तो सुमारे १,२२२ वर आला. अभयारण्याच्या निर्बंधांमुळे जमिनीच्या व्यवहारात अडचणी आल्या आणि लोकांचे मन पक्ष्यावरून उतरले, हेही खरे आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. इकडे कालवे आले, माळ नांगरले गेले, ऊस उभा राहिला, विजेच्या तारा आल्या. कोणा एकाचा दोष नव्हता. पण पक्षी गेला. आज महाराष्ट्रात तो क्वचितच दिसतो. देशातली त्यांची संख्या दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी मानतात, आणि ते बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे आहेत. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते. पाच राज्यांतले नमुने तपासून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की त्यांच्यातली आनुवंशिक विविधता फार थोडी उरली आहे.

आता जैसलमेर जिल्ह्यात कृत्रिम प्रजनन केंद्रे आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून माळढोकाचे पहिले पिल्लू जन्मले. एका केंद्रातल्या नराचे रेत दुसऱ्या केंद्रातल्या मादीपर्यंत नेऊन हे साधले. जे काम आपल्याकडे गाईच्या बाबतीत रोज होते, ते एका पक्ष्यासाठी झाले तेव्हा देशभर बातमी झाली. तिथे प्रत्येक पक्ष्याची नोंद ठेवावी लागते, कोणाची जोडी कोणाशी लावायची याचा विचार करावा लागतो, एकेका अंड्यावर माणसे पहारा करतात. एवढा खर्च, एवढी विद्या. आणि इतके करूनही गेलेली विविधता परत येणार नाही, उरलेली तेवढी सांभाळता येईल. जनुक हा बँकेतून कर्जाऊ मिळत नाही. शेवटचा धनी मेला की तो संपला.

म्हणून मी म्हणतो, अजून भांडवल हाती आहे तोवर हिशेब ठेवावा. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या मधल्या काळात देशात विदेशी व संकरित गोधन सुमारे २७ टक्क्यांनी वाढले आणि देशी गोधन ६ टक्क्यांनी घटले. देशी अजून पुष्कळ आहे. पण कल कोणीकडे आहे ते दिसते.

इथे आपण मला विचाराल, "गुरुजी, दोन लिटरची देशी गाय आम्ही कशाच्या जोरावर पोसायची?" प्रश्न रास्त आहे. ज्याचा प्रपंच दुधावर चालतो त्याला 'तू जाती जप' असा उपदेश करणे अन्यायाचे आहे. अर्थशास्त्राचा साधा नियम आहे की ज्या गोष्टीचा लाभ सर्वांना, तिचा खर्च एकट्या गरिबाच्या खांद्यावर टाकू नये. डांगीचा वंश अकोल्याच्या पावसात आपोआप टिकेल, कारण तिथे तिचा उपयोग आहे. तिथे तिला बाहेरचा वळू देऊ नये. जिथे उपयोग संपला, तिथे सरकारने, विद्यापीठांनी, पैदासकारांच्या संघांनी खर्च उचलावा. १९८४ साली स्थापन झालेला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो कर्नालला आहे; तिथे देशी जातींचे रेत गोठवून ठेवले जाते. हा शेवटचा राखीव साठा झाला. पण बियाणे कोठारात ठेवून कोणी शेती केली असे होत नाही. जात रानात आणि गोठ्यातच जिवंत राहते.

मग आपण काय करावे? तीन कामे सांगतो. त्यांना पैसा लागत नाही.

पहिले, कांडी. रेताच्या प्रत्येक कांडीवर वळूचा क्रमांक, जात आणि केंद्राची खूण छापलेली असते. गाय भरवली की रिकामी कांडी उकिरड्यावर जाते. म्हणजे कालवडीच्या बापाचा जन्मदाखलाच आपण उकिरड्यावर टाकतो! ती कांडी मागून घ्या. शंभर पानी वहीत गाईच्या कानातल्या बिल्ल्याचे बारा आकडे लिहा, तारीख लिहा, आणि कांडी पुसून त्याच पानावर चिकटवा. अक्षर बारीक असते. शाळेतल्या पोराला वाचायला सांगा. पुढे कालवड माजावर आली की वही उघडायची. तोच क्रमांक दिसला तर डॉक्टरांना दुसरा वळू मागायचा.

दुसरे, मात्रा. गाय किती टक्के आहे हे त्याच वहीवरून तिसऱ्या पिढीपासून कळू लागेल. पाऊण भरली की पुन्हा शुद्ध विदेशी न देता फुले त्रिवेणीसारखा संकरित किंवा गीरचा वळू घेण्याविषयी डॉक्टरांशी बोला.

तिसरे, मेंढा आणि बोकड. घरच्या कळपातलाच नर पिढ्यान्‌पिढ्या ठेवू नका. दर दोन वर्षांनी लांबच्या गावातल्या, नात्याबाहेरच्या कळपाशी अदलाबदल करा. धनगर बांधवांना ही रीत नवी नाही. ती मोडू नये एवढेच.

आणि शिक्षक मित्रहो, एक काम खास आपले. सातवी-आठवीच्या मुलांना एकदा घरच्या गाईची वंशावळ काढून आणायला सांगा. आई कोण, आजी कोण, कुठून आणली, बाप कोणता. आईच्या बाजूला दोन-तीन पिढ्यांची नावे सहज येतील. कपिला, चांदी, ढवळी. घरातल्या आजीला ती तोंडपाठ असतात. बापाच्या बाजूला बहुतेक सगळ्या वह्यांत जागा कोरी राहील. त्या कोऱ्या जागा मुलांना मोजू द्या. पुढच्या वर्षीच्या वर्गाला हाच पाठ पुन्हा द्या, आणि पुन्हा मोजा. त्या जागा जेवढ्या भरत जातील, तेवढे हे शास्त्र आपल्या गावात आले असे समजावे.